बियाण्यातला पहारा किती काळ पुरतो?

दादरच्या किंवा लालबागच्या वाण्याकडे ज्वारी मागितली की तो आधी विचारतो, "मालदांडी देऊ का?" मालदांडी थोडी महाग असते. दाणा पांढरा, टपोरा, आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी मऊ. मुंबईच्या गिऱ्हाइकाला एवढी माहिती पुरते. पण हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडला गेला, त्याचं कागदावरचं नाव एम ३५-१, आणि त्यानंतर कितीतरी नवे वाण आले तरी रब्बीत तो अजून शेतात उभा आहे. हे काही फक्त भाकरीच्या चवीमुळे झालेलं नाही.

रब्बीची ज्वारी पेरतात तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. पुढचे चार महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायचे. त्यात खोडमाशी. ती कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, अळी पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरते आणि पोंगा वाळून जातो. मालदांडीची कोवळी पानं चकचकीत असतात आणि त्यांच्यावर बारीक लव असते, त्यामुळे माशीला अंडी घालायला आणि अळीला आत सरकायला अवघड जातं. सगळी माशी थांबत नाही, पण पीक हाती लागतं. हे गुण कुणी प्रयोगशाळेत घातलेले नाहीत. सोलापूरच्या काळ्या रानात जी रोपं तगली त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरलं गेलं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि संशोधकांनी त्यातली उत्तम निवडून शुद्ध केली.

ही ताकद रोपात नेमकी कुठे असते, ती एका वाणातून दुसऱ्यात कशी नेतात, आणि नेल्यावर काही वर्षांत ती संपते का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बियाण्याच्या पिशवीवर त्याबद्दल एक ओळही छापलेली नसते.

गेटवरचा वॉचमन

झाडाला रक्त नसतं, त्यामुळे शरीरभर फिरून जंतू शोधणाऱ्या पांढऱ्या पेशीही नसतात. प्रत्येक पेशीला स्वतःचं रक्षण स्वतःच करावं लागतं. त्यासाठीची सगळी माहिती जनुकांत असते, आणि या बाबतीत झाडं काही गरीब नाहीत. भाताच्या रोपात माणसापेक्षा जास्त जनुकं असतात.

यातली काही जनुकं फक्त ओळख पटवण्याचं काम करतात. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला एखाद्या भुरट्या चोराचा चेहरा पक्का माहीत असावा, तसं. बुरशीने पेशीत शिरताना सोडलेलं एखादं प्रथिन या जनुकाच्या प्रथिनाने ओळखलं की धोक्याची घंटा वाजते आणि ती पेशी स्वतःला मारून टाकते. आजूबाजूच्या चार पेशीही मरतात. पानावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो आणि रोग तिथेच संपतो, कारण तांबेऱ्यासारख्या बुरशीला जगायला जिवंत पेशीच लागते. शेजारचा दुसरा वाण त्याच बुरशीने पिवळा-तांबूस होऊन झडत असतो. दोघांत फरक कधीकधी एका जनुकाचा असतो.

ही प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांनीच पुढच्या पिढीत उतरते हे केंब्रिजच्या रोलंड बिफेनने १९०५ मध्ये गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर दाखवलं. मेंडेलचे निबंध नव्याने सापडून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या हॅरोल्ड फ्लोरने जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करताना दुसरी बाजूही तपासली. त्याने फक्त जवसाचे संकर केले नाहीत, तर बुरशीचेही केले. त्याला असं दिसलं की जवसातल्या प्रत्येक प्रतिकार-जनुकासमोर बुरशीत एक जुळणारं जनुक असतं. वॉचमनला ओळखू येणारा चेहरा तोच. बुरशीने ते एक जनुक बदललं किंवा टाकून दिलं की जवसाचं जनुक जागच्या जागी असतं, पण निरुपयोगी होतं.

तांबेऱ्याच्या एका शेतात अब्जावधी बीजाणू तयार होतात. त्यातल्या एखाद्यात योग्य तो बदल आपोआप होणं यात नवल काहीच नाही. आणि मैलोन्‌मैल एकच वाण लावलेला असेल तर त्या एका बीजाणूला सगळं रान मोकळं मिळतं.

गव्हाच्या खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याविरुद्ध एसआर-३१ नावाचं जनुक राय या धान्यातून गव्हात आणलं गेलं होतं. ते इतकं चांगलं चाललं की जगभरच्या वाणांत घुसलं. १९९८ मध्ये युगांडात या जनुकाला दाद न देणारा तांबेरा सापडला. युजी-९९ या नावाने तो ओळखला जातो. पुढे त्याचे नवे प्रकार निघत गेले आणि तो इराणपर्यंत पोचला. एका जनुकावर किती देशांचा गहू टेकलेला होता हे तेव्हा लोकांना कळलं.

याच गव्हात एलआर-३४ नावाचं आणखी एक जनुक आहे. ते कुणाला ओळखत नाही, घंटा वाजवत नाही. एलआर-३४ असलेल्या गव्हावर तांबेरा येतो, पण हळू वाढतो, पुळ्या लहान राहतात, आणि तोवर दाणा भरून होतो. असं जनुक एकटं असलं तर शेतकऱ्याला फारसं दिसतही नाही. तशी तीन-चार एकत्र आली की पीक जवळजवळ निरोगी राहतं. एलआर-३४ शतकभर गव्हात वापरात आहे आणि अजून बुरशीला त्यावर तोड सापडलेली नाही. वाण पैदास करणाऱ्या लोकांना मात्र वर्षानुवर्षं ठणठणीत, एकही डाग नसलेलं रोपच आवडत आलं. प्रात्यक्षिकाच्या शेतात तेच उठून दिसतं. थोडा रोग येऊ देणारं, पण टिकणारं रोप निवडायला वेगळी नजर लागते.

जंगली भातातून ताटातल्या भातात

भातावरचा कडा करपा हा जिवाणूंचा रोग. पानाच्या कडा पांढऱ्या-पिवळ्या पडून वाळत जातात. त्याविरुद्धचं एक जबरदस्त जनुक, एक्सए-२१, आफ्रिकेतल्या मालीमधल्या जंगली भातात सापडलं. आता अडचण बघा. त्या जंगली भाताचा दाणा खाण्यालायक नाही, पिकला की गळून पडतो, रोप वेडंवाकडं वाढतं. त्याच्या हजारो जनुकांपैकी आपल्याला एकच हवं आहे.

यावरचा जुना उपाय म्हणजे पुन्हापुन्हा संकर. चांगल्या वाणाचा जंगली भाताशी संकर केला की पहिल्या पिढीत दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. त्या संततीचा परत चांगल्या वाणाशीच संकर करायचा, की चांगल्याचा वाटा सरासरी ७५ टक्के होतो. पुन्हा केला की ८७.५, मग ९३.७५. सहा वेळा केला की ९९ टक्क्यांच्या पुढे. दर पिढीत जंगली वाटा अर्धा होतो आणि आपण फक्त रोगाला टिकणारी रोपं पुढे नेत जातो. तरी हव्या त्या जनुकाला अगदी चिकटून बसलेली नको ती जनुकं सहज सुटत नाहीत, आणि त्यामुळे कित्येक वाण शेवटच्या टप्प्यावर बाद होतात. रोगाला टिकला, पण दाणा तुटका निघाला, असं.

हैदराबादच्या दोन संस्थांनी, सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) आणि भात संशोधन संचालनालयाने, सांबा मसुरी या तांदळात एकाच वेळी तीन जनुकं आणली: एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५. यातली शेवटची दोन अप्रभावी आहेत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय त्यांचा परिणाम दिसत नाही. शिवाय एक्सए-२१ एकटंच रोग थोपवत असेल, तर बाकीची दोन आत आहेत की नाहीत हे रोपाकडे बघून सांगणार कोण? इथे डीएनएच्या खुणा, म्हणजे मार्कर, उपयोगी पडतात. रोप वीतभर झालं की पानाचा छोटा तुकडा घ्यायचा, डीएनए तपासायचा, तिन्ही जनुकं असलेली रोपं ठेवायची, बाकीची उपटून टाकायची. रोगाची वाट बघायची गरज नाही. सुधारित सांबा मसुरी २००८ मध्ये प्रसारित झाली. तिच्यात परक्या जीवाचं काही घातलेलं नाही. भाताचा भाताशीच संकर आहे, फक्त निवड डोळ्यांऐवजी डीएनए बघून झाली.

तीन जनुकं एकदम का? जिवाणूने एक चुकवलं तर दुसरं हजर असतं. तिन्ही एकाच वेळी चुकवणारा बदल एका जिवाणूत घडण्याची शक्यता खूपच कमी. ही तीन जनुकं तीन वेगवेगळ्या वाणांत एकामागून एक आणली असती तर जिवाणूने एकेक करून तिन्ही पचवली असती.

आपण मुंबईकर सांबा मसुरीवाले नाही, आपल्याला कोलम लागतो. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा उंच वाढणारा, वाऱ्यात लोळणारा, उत्पन्नाला कमी तांदूळ. तरी तो पालघरच्या वाड्यात टिकून आहे तो बाजारात त्याला भाव आहे म्हणून. खाणाऱ्याला नको असलेल्या वाणात कितीही प्रतिकारशक्ती भरली तरी तो पेरला जात नाही. सांबा मसुरीत काम करणाऱ्यांनी चव आणि दाण्याचा आकार राखण्यासाठी एवढी मेहनत घेतली ती त्यामुळेच.

तुर्भ्याचे मूग आणि भुईमूग

हवा असलेला गुण कुठल्याच नातलग वाणात सापडला नाही तर? मुंबईतच, मानखुर्दच्या पलीकडे, तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर अनेक दशकं काम चाललंय. तिथे बियाण्यावर गॅमा किरणांचा मारा करतात. किरणांमुळे डीएनएत कुठेही, कसेही बदल होतात. यात नेम नसतो. बहुतेक बदल निकामी किंवा घातक असतात. पहिल्या पिढीत फारसं काही दिसतही नाही, कारण बरेच बदल अप्रभावी असतात. दुसऱ्या पिढीत हजारो रोपं लावून प्रत्येक रोप न्याहाळावं लागतं, आणि त्यातून एखादं कामाचं निघतं. किरण दिलेलं बी किरणोत्सारी होत नाही, हे इथे सांगून टाकलेलं बरं, कारण हा प्रश्न दरवेळी येतो.

या केंद्राचे साठाहून जास्त वाण देशभर प्रसारित झालेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर केलेले टीएजी-२४ भुईमूग आणि टीएयू-१ उडीद महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना नावाने माहीत आहेत. मुगावर भुरी येते, पानांवर पांढरी पावडर धरते. त्याला दाद न देणारे टीएआरएम मालिकेतले मूग याच जोडीचे. गंमत म्हणजे जनुकबदल या शब्दाने घाबरणारे आपण या मुगाची उसळ निवांत खातो. माझ्या मते त्यात घाबरण्यासारखं काही नाहीच, पण किरणांनी झालेला आंधळा बदल चालतो आणि नेमका केलेला चालत नाही, हा हिशेब मला अजून जुळत नाही.

कॉटन ग्रीन, आणि बोंडातला मेंडेल

हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन स्टेशन आहे. कापसाचा बाजार आधी कुलाब्याला भरे, नंतर शिवडीकडे हलला, आणि नाव सोबत आलं. माटुंग्याला कापसाच्या धाग्याची लांबी, ताकद, बारीकपणा तपासणारी संस्था १९२४ पासून आहे, आज ती सिरकॉट म्हणून ओळखली जाते. या शहराने शेतातल्या कापसाची जातच बदलून टाकण्याला हातभार लावला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. गिरण्यांना बारीक सूत काढायला लांब धागा हवा होता, तो अमेरिकन कापसात होता. व्यापारी लांब धाग्याला भाव देत, म्हणून संशोधन आणि पेरा हळूहळू तिकडे वळला. स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं बहुतेक क्षेत्र देशी कापसाचं होतं. आज ते नाममात्र उरलंय. देशी कापसाची मुळं खोल जातात, पावसाचा खंड तो सोसतो, आणि तुडतुडे, मावा यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना तो सहसा जुमानत नाही. धागा मिळवताना हे सगळं मागे सुटलं. दोघांचा संकर करून दोन्ही गुण घ्यावेत, तर देशी कापसात २६ गुणसूत्रं आणि अमेरिकनमध्ये ५२. संततीत येतात ३९. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि रोप वांझ निघतं. वाट अगदीच बंद नाही, पण फार लांबची आहे.

१९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला. उत्पन्न वाढलं, हंगाम लांबला, फवारण्या वाढल्या. नव्वदच्या दशकात बोंडअळीने फवारण्यांना दाद देणं सोडलं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली ती या पार्श्वभूमीवर.

बीटी म्हणजे मातीत राहणारा एक जिवाणू. त्याचं एक प्रथिन अळीच्या आतड्यात गेलं की तिथल्या क्षारीय रसात विरघळून कार्यक्षम होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. आपल्या आतड्यात त्याला चिकटायला तशी जागाच नाही. हे जनुक कापसात घातलं की प्रत्येक पानात, बोंडात ते प्रथिन तयार होतं. २००६ मध्ये दोन प्रथिनांचा कापूस आला. काही वर्षांत देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला.

मग २०१० मध्ये बातमी आली की गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला पचवते आहे. पुढच्या काही वर्षांत दुसरंही गेलं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांनी बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या आणि पोखरलेली सरकी. हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीवर मात्र बीटीचा परिणाम बऱ्यापैकी टिकून राहिला. शेत एकच, प्रथिनं तीच. मग हा फरक कुठून आला?

हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जगते. तिथे बीटी नसतं. म्हणजे बीटीने न मेलेल्या मोजक्या पतंगांना जोडीदार मिळतात ते बहुतेक तुरीवर, हरभऱ्यावर वाढलेले, बीटी न पचवणारे. बीटी पचवण्याचा गुण बहुतांशी अप्रभावी असल्यामुळे त्यांची पिल्लं बीटी कापसावर मरतात. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. चहूकडे बीटी कापूस, त्यातून वाचलेले पतंग आपसातच जोडी जमवणार, आणि त्यांची सगळी पिल्लं बीटी पचवणारी.

यावर उपाय ठरलेला होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत बिगरबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळायची, ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे साध्या पतंगांची पैदास होत राहील. बऱ्याच शेतकऱ्यांनी ती लावली नाही. मी त्यांना दोष देणार नाही. अळीला खायला घालण्यासाठी दोन-चार ओळी सोडा, असं कुणी नीट न समजावता सांगितलं तर कोण ऐकेल? शिवाय फरदड. पीक डिसेंबरात काढून टाकण्याऐवजी पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवलं की गुलाबी अळीला खंड न पडता खाद्य मिळतं.

पण याहून खोल कारण संकरित बियाण्यातच होतं, आणि त्याची चर्चा फार कमी होते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बीटी कापूस सरळ वाणांचा असतो, सगळ्या झाडांच्या सगळ्या बियांत बीटी. आपल्याकडे संकरित, आणि बहुधा दोन पालकांपैकी एकालाच बीटी जनुकं. शेतातलं झाड बीटीच असतं, पण त्याच्या बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी, आणि तिथे मेंडेलचा हिशेब सुरू होतो. दोन जनुकं वेगवेगळ्या जागी असल्याने सरासरी १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही प्रथिनं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. एका बोंडात २५-३० सरक्या. म्हणजे अळीला एकाच बोंडात पूर्ण विष, अर्धं विष आणि बिनविषाचं खाणं शेजारीशेजारी मिळतं. बीटी पचवण्याचा गुण एकाच पालकाकडून मिळालेली अळी, जी एरवी मेली असती, ती इथे वाचू शकते. अप्रभावी गुणाला वर यायला यापेक्षा सोयीची जागा सांगता येणार नाही. मग संकरितच का? कारण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं ठेवता येत नाही. पैदाशीचा निर्णय शेतातल्या जीवशास्त्रावर न होता विक्रीच्या सोयीवर झाला, असं माझं मत आहे.

अमेरिकेत बीटी कापूस, वांझ केलेले पतंग सोडणं आणि पीक वेळेत काढून टाकणं हे सगळं एकत्र वापरून २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे तंत्रज्ञान नासकं नव्हतं. बीटी वांग्याचं घोंगडं आपल्याकडे फेब्रुवारी २०१० पासून भिजत पडलंय. बांगलादेशाने त्याला २०१३ मध्ये परवानगी दिली.

दुष्काळाला चेहरा नसतो

बुरशी, अळी यांना ओळखता येतं. पाण्याच्या टंचाईत ओळखण्यासारखं कुणी नसतं, म्हणून त्याला एक जनुक पुरत नाही. दुष्काळही एकसारखा नसतो. पेरणीनंतर लगेच पडलेला खंड, फुलोऱ्यात पडलेला खंड आणि मालदांडीच्या वाट्याला येते तशी शेवटी संपत जाणारी ओल, तिन्हींना वेगळी तयारी लागते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पाणी संपायच्या आत पीक उरकणं. कोकणातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. वरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात लवकर पिकणारं हळवं भात, मधल्या जमिनीत निमगरवं, खोलगट जागी उशिरा पिकणारं गरवं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा कर्जत-३ हा हळव्यातला. याची किंमत अशी की पाऊस चांगला झाला तरी हळवं भात गरव्याएवढं देत नाही, वाढायला त्याच्याकडे दिवसच कमी असतात.

दुसरा मार्ग मुळांचा. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये भातातल्या डीआरओ-१ या जनुकाची माहिती दिली. ते मुळांचा कोन ठरवतं. फिलिपीन्समधल्या एका वरकस भातातून ते आयआर-६४ या प्रचलित भातात आणल्यावर मुळं आडवी पसरण्याऐवजी सरळ खाली गेली आणि कोरड्या जमिनीतही दाणा भरला. खाली पाणी असेल तरच याचा उपयोग. मुरमाड, हातभर खोलीच्या जमिनीत सरळ मूळ दगडाला अडतं.

तिसरा मार्ग पाणी वाचवण्याचा, आणि इथे झाडाची खरी कोंडी होते. पानावरच्या ज्या रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. रंध्रं मिटली की पाणी वाचतं आणि अन्न बनणंही थांबतं. त्यामुळे दुष्काळात तगून राहणारं रोप आणि दुष्काळात पीक देणारं रोप ही दोन वेगळी रोपं असू शकतात. प्रयोगशाळेच्या कुंडीत महिनाभर पाण्याशिवाय जगलेल्या रोपाच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावं. २०१० मध्ये आलेला सहभागी धान हा वाण थेट कोरड्या पाडलेल्या शेतात किती दाणा मिळतो ते मोजून निवडला गेला. ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाडीचं पाणी शिरलेल्या खारेपाटातल्या शेतासाठी त्यांनी पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण काढले. खाऱ्या जमिनीत पाणी असतं, पण मिठामुळे मुळांना ते ओढता येत नाही, म्हणजे रोपाच्या दृष्टीने तो अर्धा दुष्काळच. वर सोडियम विषारी. केरळच्या पोक्कळी भातात सोडियमला मुळांमध्येच अडवून पानांपर्यंत जाऊ न देणारी यंत्रणा आहे, आणि तिच्याशी निगडित गुणसूत्राचा तुकडा आज देशोदेशी नव्या वाणांत नेला जातोय.

कात्री आणि कोठार

२०२२ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना जीएम, म्हणजे जनुकबदल केलेल्या, पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. यात परकं जनुक घालत नाहीत, रोपाच्या स्वतःच्या जनुकात नेमक्या जागी छोटा बदल करतात. मे २०२५ मध्ये असे दोन तांदूळ जाहीर झाले. त्यातल्या पुसा डीएसटी राइस-१ मध्ये दुष्काळ आणि खारेपणाचा सामना करण्याला रोपात जो अंतर्गत लगाम असतो तो काढून टाकलाय. तुर्भ्याला किरणांनी जे अंदाजाने घडतं ते इथे नेमकं घडवता येतं.

पण जनुक-संपादनाच्या या कात्रीने जे आहे ते बदलता येतं. जे नाहीच, ते आणायचं तर कुठून तरी शोधावं लागतं. १९७०च्या दशकात आशियातल्या भातावर ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूने धुमाकूळ घातला तेव्हा फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकारशक्ती निघाली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका जंगली भातात. तो नमुना कुणी गोळा केला नसता तर आयआर-३६ सारखे वाण त्या रूपात आले नसते.

म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोषात लाखो नमुने उणे १८ अंशांवर ठेवलेत, आणि त्याच संस्थेचं एक केंद्र अकोल्याला आहे. थंडीतलं बीही हळूहळू उगवणक्षमता गमावतं, त्यामुळे ठरावीक काळाने ते काढून पेरावं लागतं, दुसऱ्या वाणाचं परागकण त्यावर येऊ न देता नवं बी धरावं लागतं आणि परत आत ठेवावं लागतं. शिवाय डबीतलं बी तिथेच थांबलेलं असतं. ते आत गेलं तेव्हाची कीड आणि तेव्हाचा पाऊस त्याला माहीत. त्यानंतरची बोंडअळी, त्यानंतरचे करप्याचे नवे प्रकार त्याने पाहिलेले नसतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर जो शेतकरी घरचंच नाचणीचं, वरईचं, भाताचं बी दरवर्षी पेरतो, त्याच्या शेतात ही निवड अजून चालू आहे. त्या बियाण्याला बाजारात भाव नाही आणि ते राखण्याबद्दल त्याला कुणी पैसे देत नाही.